साहेब गोष्ट सांगतात!

किस्से कोणी जमवत नाही, ते साचतात. आमच्या पुलगावच्या ठिबक सिंचनाच्या ऑफिसात तर फार. आमचे मॅनेजर मोहोड साहेब नागपूरला ‘स्टोरीटेलिंग’चं ट्रेनिंग घेऊन आले, तेव्हापासून साचायचा वेगच वाढला. साहेबांचा हुकूम होता, आधी गोष्ट, मग काम. काम बहुतेक राहायचंच!

पहिल्या दिवशी साहेबांनी मुंगी आणि हत्तीची गोष्ट लावली. बाहेर एक शेतकरी फुटलेला फिल्टर घेऊन ताटकळत होता. कंटाळून तो समोरच्या दुकानात शिरला. गोष्ट संपवून साहेबांनी विचारलं, “यातून आपण काय शिकलो?”

अकाउंट्सच्या वंदनाताई खिडकीतून बघत म्हणाल्या, “गिऱ्हाईक गेलं, साहेब!”

*

मग प्रत्येकाने गोष्ट सांगायची असं ठरलं. सेल्सच्या नीलेशने मोबाइलवरून कुठल्याशा जपानी शेतकऱ्याची गोष्ट पाठ केली. अगदी डोळे मिटून, हात जोडून त्याने शेवट केला, “...आणि आमच्या चॅनलला सबस्क्राइब करायला विसरू नका!”

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वर म्हणाले, “शेवट दमदार होता!”

*

आमचे फिटर गजूभाऊ सुट्टी मागायला गेले. साहेब म्हणाले, “कारण नको. स्टोरी सांगा. मला फील आला पाहिजे.”

गजूभाऊंनी क्षणभर विचार केला. “एक होता गजू. त्याले सायबानं सुट्टी नाई देल्ली. तो तरी गेला.”

आणि गेले!

*

नाचणगावात शेतकऱ्यांची सभा होती. साहेबांनी रंगवून सांगितलं की रामराव नावाच्या शेतकऱ्याने आमचं ठिबक बसवलं आणि त्याचं सुकलेलं शेत हिरवंगार झालं. मागून एक जण उठला. “त्या रामरावचा नंबर द्या ना. इचारून पाह्यतो.”

“अहो, रामराव काल्पनिक आहे. मेसेज घ्या!”

“असं काय? मंग माह्यी ऑर्डरही तशीच लिहून घ्या!”

*

आणि परवाचं ऐका. हेड ऑफिसचे मोठे साहेब आले होते. मोहोड साहेब माईक घेऊन उभे राहिले. “माझे वडील... पाण्याच्या पाळीची वाट बघत बांधावरच गेले. त्यांचा हात हातात घेऊन मी शपथ घेतली, ठिबकसाठीच जगेन!” आवाज असा कापला की वंदनाताईंनीसुद्धा पदर डोळ्याला लावला. मोठे साहेब गहिवरून म्हणाले, “दोन मिनिटं शांतता पाळू या.”

सगळे माना खाली घालून उभे राहिले. तेवढ्यात दार करकरलं. धोतर, पांढरी टोपी, हातात भाजीची पिशवी.

“आमचा संजू इथंच मॅनेजर हाय ना?”

मोहोड साहेबांचा चेहरा खडूसारखा झाला. शेवटी गजूभाऊच पुढे झाले. “बाबा, तुम्ही कोण?”

“संजूचा बाप. आंजीहून आलो. काऊन, काय झालं?”

गजूभाऊंनी त्यांना खुर्ची दिली. “काई नाई, बसा. तुम्ही तर गेलते म्हणे!”

“गेलतो ना बापा! अमरावतीले, पोरीकडं. कालच वापस आलो.”