पेजेची किटली

नवऱ्याच्या पोटात अशी कळ उठली की त्याला धड बसवेना, धड झोपवेना. टोकावड्याहून जीपने मुरबाडला आणेपर्यंत तो नुसता ओकत होता. डॉक्टर म्हणाले, पित्ताचा खडा अडकून स्वादुपिंडाला सूज आली आहे. तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. सुजेमुळे रक्तातली साखरही चढली होती. ती उतरली नाही तर मोठ्या दवाखान्यात हलवायचं. तिथवर तो टिकेल का, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नर्स त्याच्या बोटाला सुई टोचायची तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत राहायचे.

त्याहून मोठी धास्ती भेटायला येणाऱ्यांची होती. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. पेज आणतात आणि आपल्या हाताने दोन घोट पाजल्याशिवाय उठत नाहीत. नणंद आली, तिला मी दारातूनच परत धाडलं. गावात माझ्या नावाने काय बोललं गेलं असेल ते असो.

मग सासरे आले, हातात पेजेची किटली. त्यांना स्वतःला जुना मधुमेह. पोराची साखर वाढली हे कळल्यापासून त्यांनी डोक्यात एकच घेतलं होतं, की आपलंच दुखणं त्याला लागलं.

"दोन घोट पाजू दे गो. पेज नाय गेली तर उठंल कसा?"

"बाबा, थेंबसुद्धा नाही."

आत नवरा फुटलेल्या ओठांवरून जीभ फिरवत किटलीकडे बघत होता. मी दारात आडवी उभी राहिले. सासऱ्यांशी इतक्या चढ्या आवाजात मी कधी बोलले नव्हते. ते वऱ्हांड्यातल्या बाकावर जाऊन बसले आणि तिथेच राहिले. मी जेवायला बोलावलं की म्हणायचे, "खाल्लं." मला वाटलं, माझ्यावर रागावलेत, खात असतील खानावळीत.

दुसऱ्या दिवशी पाहते तर ते घामाने निथळत होते, हात थरथरत होते, माझ्याकडे बघून भलत्याच कुणाला तरी हाक मारत होते. नर्सने बोट टोचलं आणि तिचा चेहराच उतरला. साखर पार खाली गेली होती. पोर उपाशी म्हणून यांनी अन्नाला शिवलं नव्हतं. पण डॉक्टरांनी कधी चुकवू नका म्हणून सांगितलेली साखर उतरवायची गोळी मात्र इमानाने घेतली होती.

साखरेचं पाणी तोंडाशी नेलं तर दात घट्ट मिटलेले.

"त्यानं नाय घेतलं, मी नाय घेत."

मला रडूही आलं आणि त्यांचा भयंकर रागही आला. एकाचं तोंड बंद ठेवायला मी दारात उभी, आणि दुसऱ्याचं उघडत नाही. मी ओरडलेच, "तो बरा झाल्यावर पहिली पेज त्याला कोण पाजणार? मी नाही पाजणार!"

त्यांनी तोंड उघडलं.

पुढे नवऱ्याची सूज ओसरली, साखर उतरली. आधी पाणी, मग पातळ पेज द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली. सासऱ्यांनी पहिला चमचा भरला. नवऱ्याने तो गिळला आणि म्हणाला, "बाबा, तुमी जेवलाव का?"

सासरे माझ्याकडे बघू लागले. मी त्यांच्या हातातला चमचा काढून घेतला आणि जेवणाचा डबा त्यांच्या मांडीवर ठेवला.