दादांनी जीभ लावलेली वीट

सांडपाणी शुद्ध झालं की खाली गाळ उरतो. शहराबाहेरच्या आमच्या प्रकल्पात तो वाळवून मातीत मिसळतात आणि त्याच्या विटा भाजतात. त्या विटा पाण्यात मुरवून शिसं, क्रोमियम असं काही बाहेर येतं का, हे तपासणं माझं काम. तपासणी होईतोवर एकही वीट आवाराबाहेर जात नाही. हे थांबणं कुणालाच आवडत नाही, आणि तेच तेच समजावून मी थकून जाते.

यंदाच्या उन्हाळ्यात ऊसतोडीहून परतलेले दादा, म्हणजे माझे वडील, पाथर्डीहून मला भेटायला आले. आई-दादा कोयता घेऊन फडात राहिले म्हणून मी वसतिगृहात राहून शिकले. त्यामुळे त्यांना सगळं दाखवताना परीक्षेला बसल्यासारखं वाटत होतं. थप्पीपाशी ते थांबले. एक वीट उचलली, बोटांनी वाजवली आणि मी काही म्हणायच्या आत तिला जीभ लावली. आमच्याकडे वीट अशीच पारखतात. जीभ चिकटली तर ती कच्ची.

"दादा, थुंका आधी!"

"का गं? लई ब्येस भाजलीय. चिकटत न्हाई."

"गटाराच्या गाळाची आहे ती."

"भट्टीत गेल्यावर कसलं गटार? घरापुढच्या ओट्याला धाड टेम्पोभर. पोरीच्या हातची वीट हाय म्हणून गावाला बसवीन त्याच्यावर."

आजवर त्यांनी माझ्याकडे काहीच मागितलं नव्हतं. "तपासणी होऊ द्या," एवढंच मी म्हणाले.

त्या भट्टीच्या विटांत क्रोमियम मर्यादेच्या वर निघालं. कुठल्या तरी कारखान्याचं पाणी गटारात आलं असणार. मी पुन्हा तपासलं. खात्रीसाठीच तपासतेय, असं स्वतःला बजावत राहिले. आकडा खाली आला नाही. विटा वेगळ्या काढून झाकल्या आणि मी दादांना फोन केला.

या विटा ओट्याला देता येणार नाहीत, असं सांगितलं. ते म्हणाले, "आन म्या चाटली ती?"

"एकदा जीभ लावल्यानं काही होत नाही, दादा. पण आपलं बाळ ओट्यावर रोज रांगणार." भावाचं लेकरू हाताला लागेल ते चाटतं.

"व्हय. मातीसुदीक सोडीत न्हाई ते." मग स्वतःच म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे. तुजी आई सारवती तसाच बरा हाय ओटा. दुसऱ्या भट्टीचं बघ."

दुसऱ्या भट्टीत गाळ कमी घेतला. तिच्या विटा आता पाण्यात आहेत. दादा दर रविवारी फोन करतात. माझ्या जेवणाखाण्याच्या आधी त्यांचा प्रश्न असतो, "मुरली का गं वीट?"

"अजून नाही, दादा."

"मुरू दे मग," म्हणतात. ओट्याची जागा त्यांनी खणून ठेवलीय, हे मला आईकडून कळलं.