कोंडूची उकिडवी बैठक

आमच्या शेलार गावचा कोंडू हाडं बसवायचा, तेही फुकट. दिवसा निजामपुऱ्यात कापडाच्या लूमवर सुताचे जड बीम उचलायचे आणि संध्याकाळी ओट्यावर उकिडवं बसायचं. मुरगळलेला घोटा घेऊन माणूस बोंबलत यायचा, शिव्या देत जायचा आणि दुसऱ्या दिवशी सुके बोंबील घेऊन परत यायचा. उकिडवं बसल्याशिवाय मात्र कोंडूचा हात चालत नसे. समोरच्याचा पाय दोन गुडघ्यांत धरायचा नि ओढायचा, बापानं तसंच शिकवलेलं.

ब्याण्णव साली बीम उचलताना त्याच्याच मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन झालं. पायातली कळ गेली, पण कंबरेतला ठणका काही जाईना. वर्षभर कोंडू ओट्यावर खुर्ची टाकून बसला. आलेले घोटे लंगडतच माघारी जायचे.

"उभ्यानं बसवा की," बायको द्रौपदी म्हणाली.

"उभ्यानं कपाट बसवतात, हाड न्हाय."

निजामपुऱ्यात एका लूम-कारखान्याच्या माडीवर दर रविवारी चिंतामणी डॉक्टर यायचा. परदेशात कायरोप्रॅक्टिक शिकलेला. म्हणजे सुई नाही, गोळी नाही, हातानंच सांधे मोकळे करायचे.

कोंडू बिथरला. "म्हंजे हाडवैद्यच की! मी हाडवैद्याकडं जाऊ? लोक हसतील."

"आन खुर्चीतल्या हाडवैद्याला काय हार घालतात?" म्हणत द्रौपदीनं त्याला जिना चढवला.

डॉक्टरनं आधी एक्स-रे बघितला. "कापलेल्या जागी मी झटका देणार नाही, काका. वरचे-खालचे सांधे आखडलेत, ते हळूहळू सोडवू."

खालच्या लूमनं टेबल थरथरत होतं. पालथा पडलेला कोंडू तिथूनच हुकूम सोडायला लागला. "जरा डावीकडं. आंगठा न्हाय, तळहात लाव."

"काका, डॉक्टर कोण?"

"पाठ माझी हाय!"

पाच-सहा रविवारांत ठणका निम्म्यावर आला. डॉक्टर म्हणाला, "आता उकिडवं बसून बघा."

"पुढल्या रविवारी," कोंडू म्हणाला. असे चार पुढले रविवार गेले. बसलं आणि उठताच आलं नाही तर? ही धास्ती द्रौपदीला कळत होती.

पाचव्या रविवारी दाबता दाबता डॉक्टरच कळवळला. त्याच्याच अंगठ्याचा सांधा आखडला होता.

"सांगितलं व्हतं ना, तळहात लाव म्हनून! दाव इकडं."

कोंडू टेबलावरून उतरला, डॉक्टरला स्टुलावर बसवलं, त्याचं कोपर दोन गुडघ्यांत धरलं आणि अंगठा ओढला. परदेशातलं सगळं शिक्षण विसरून डॉक्टर "आई गं!" ओरडला.

"अवो," द्रौपदी कोपऱ्यातून म्हणाली, "तुमी बसलात."

कोंडूनं खाली बघितलं. दोन्ही टाचा फरशीला टेकलेल्या.

"गप. आधी त्याचा आंगठा हलतोय का बगू दे."

ओट्यावरची खुर्ची अजून आहे. कापलेली पाठ घेऊन कुणी आला की कोंडू तीच त्याच्यापुढं सरकवतो.

"बस. तुझ्या पाठीला मी हात लावत न्हाय. एक्स-रे घेऊन निजामपुऱ्यात जा. आन डाक्टरला सांग, तळहात!"