फांदीला बांधलेली वचनं

स्वरूपा साळवेला कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की आधी डबा लागे. डबा पत्र्याचा, बिस्किटांचा, झाकणावरचं चित्र हात लागून लागून पार पुसट झालेलं. नऊ वर्षांपूर्वी ती लग्न होऊन नगरहून टोकियोला निघाली, तेव्हा तिच्या पप्पांनी, चंद्रहास मास्तरांनी, तो तिच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवला होता. आत तीनशे पासष्ट चिठ्ठ्या. प्रत्येकीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन, मास्तरांच्या टपोऱ्या अक्षरात, निळ्या शाईनं, आणि मग तिची बारीक सुरळी. नव्या वर्षाच्या सकाळी घरातल्या प्रत्येकानं एक वचन काढायचं आणि ते वर्षभर सांभाळायचं, ही त्यांच्या घरची रीत.

वर्षातून एकदा, हे लक्षात घ्या. स्वरूपाचं एकदानं कुठलं भागायला! मुलीला भारतीय शाळेत घालायचं की जपानी, उघड डबा. घर बदलायचं, उघड डबा. फ्रीज कोणता घ्यावा यासाठीसुद्धा तिनं एकदा चिठ्ठी काढली होती आणि निघालं काय, तर आकाशातल्या पाखरांविषयीचं वचन. "म्हणजे लहानच घ्यायचा," असा तिच्या नवऱ्यानं, सुशीलनं, गंभीर चेहऱ्यानं अर्थ लावला. घेतला लहान. त्यात आजतागायत कोथिंबिरीची जुडी आडवी मावत नाही आणि सुशील तिला पाखरांवरून चिडवायची एक संधी सोडत नाही.

राहायला ती टोकियोतल्या एदोगावात, सातव्या मजल्यावर. सुशील सकाळी तोयोसुच्या ऑफिसला जाई आणि पहिले काही महिने स्वरूपा खिडकीत उभी राहून नदी बघत असे. नदी संथ, पुलावरून गाड्या जात, त्यांचा आवाज काचेतून आत यायचाच नाही. आपण कुणाच्या तरी स्वप्नात राहतोय आणि तो माणूस जागा झाला की हे सगळं पुसलं जाईल, असं तिला वाटायचं. पुढे नुपूर झाली, भाषा जमायला लागली, मग जेवणाचे डबे भरण्याचं बायतो, म्हणजे तासांवरचं काम मिळालं, आणि शेवटी ती स्टेशनपलीकडच्या वृद्धांच्या केंद्रात लागली.

तिथं मात्र ती रमली. हिवाळ्यात दुपारी दोनच्या सुमारास ऊन तिथल्या हॉलच्या मध्यापर्यंत यायचं. म्हाताऱ्या माणसांचे डोळे एकेक करत मिटायचे. हीटरची बारीक घरघर, कपातून वर जाणारी वाफ, कुणाचं तरी झोपेतलं पुटपुटणं. किमुरा-सान म्हणून एक नव्वदीच्या आजी तिचा हात धरून तिला भलत्याच कुणाच्या नावानं हाक मारत आणि स्वरूपा बिनदिक्कत "हाय", म्हणजे जपानीत हो, म्हणून ओ देई. त्या सुरकुतलेल्या हाताकडे बघता बघता तिचे डोळे जड व्हायचे. मग नगरचं अंगण दिसायचं, शेवग्याचं झाड, झाडाखाली बाज, बाजेवर पप्पा. किमुरा-सानचा हात कधी पप्पांचा होऊन गेला ते तिला कळायचंही नाही.

या जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तिची परीक्षा होती. वृद्धांची काळजी घेणाऱ्यांची सरकारी परीक्षा वर्षातून एकदाच होते, तीन वर्षं नोकरी झाल्याशिवाय बसता येत नाही, आणि पेपर सगळा जपानीत. पोरीला निजवून आणि भांडी आवरून तिनं तीन वर्षं त्या चित्रलिपीशी झटापट केली होती. पास झाली तर या देशात तिला पहिल्यांदा स्वतःचं असं काही मिळणार होतं.

आणि डिसेंबरात नगरहून सिंधूमावशींचा फोन आला. मावशी शेजारच्या, आई गेल्यापासून पप्पांचं दोन वेळचं त्याच बघत.

"स्वरूपा, घाबरू नको," त्या म्हणाल्या, आणि स्वरूपा तिथंच घाबरली. "मास्तर हल्ली दोन-दोनदा चहा मागतात गं. परवा चर्चला निघाले ते बाजारपेठेत सापडले. डॉक्टर म्हणतात, हळूहळू विसरत जातील. किती आणि कधी, ते नाही सांगता येत."

"परीक्षा देऊन जा," सुशील म्हणाला. "महिन्याभराचा तर प्रश्न आहे. तीन वर्षं घासलीयस तू." बरोबरच होतं त्याचं. पण महिन्याभरात पप्पांनी काय काय विसरायचं, हे कोण ठरवणार होतं? आत्ता जावं, की परीक्षा देऊन? ती रोज एक ठरवी आणि रोज ते मोडी. शेवटी ठरलं, की नव्या वर्षाचं वचन सांगेल ते करायचं.

एक जानेवारीला सकाळी नाताळातल्या उरलेल्या करंज्यांची बशी मधे ठेवून तिघं बसली. प्रार्थना झाली. स्वतःच्या हातावर भरवसा नव्हता म्हणून तिनं नुपूरला आपल्यासाठी चिठ्ठी काढायला सांगितलं. नुपूर आठ वर्षांची. मराठी बोलायची थोडंफार, वाचायची अजिबात नाही. तिनं सुरळी आईच्या हातात दिली. वचन होतं स्वस्थ राहण्याविषयी. स्वस्थ म्हणजे? इथं स्वस्थ, की पप्पांपाशी बसून स्वस्थ? स्वरूपानं रीत मोडली आणि दुसरी काढली. ती म्हणे ऊठ आणि चालू लाग. तिसरी काढली, ती निघाली मिठाविषयी.

"मीठ म्हणजे काय करायचं?" सुशीलनं विचारलं. ती रडवेली झालेली बघून मात्र त्यानं करंज्यांची बशी तिच्यापुढे सरकवली.

"वाईट निघालं का?" नुपूरनं जपानीत विचारलं.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर चुंबकाखाली लावलेल्या तिन्ही चिठ्ठ्या गायब. स्वरूपानं घर पालथं घातलं. मग नुपूर शांतपणे म्हणाली, "मी बांधून टाकल्या." मैत्रिणीबरोबर ती दर वर्षी इथल्या देवळात जायची. तिथं भविष्याच्या चिठ्ठ्या काढतात. वाईट निघाली तर ती फांदीला बांधून यायचं, म्हणजे वाईट तिथंच राहतं, आपल्यामागून घरी येत नाही. "दाईजोबु, मम्मी," पोरगी तिच्या हातावर थोपटत म्हणाली. काही काळजी करू नकोस, आता काही होणार नाही, असं ती आईला सांगत होती.

तिनं आईला खाली नेलं. सायकली ठेवायच्या जागेशेजारी साझांकाचं झुडूप होतं, हिवाळ्यात गुलाबी फुलणारं. गेली दोन वर्षं स्वरूपा रोज त्याच्यावरून सायकल काढत होती आणि पानांतलं ते पांढरं पांढरं तिला कळ्यांसारखं वाटत आलं होतं. त्या कळ्या नव्हत्याच. एकेक सुरळी उलगडून, घडी घालून, फांदीला नीट गाठ मारलेली. तीन कालच्या, बाकी जुन्या. बारा गाठी. आई चिठ्ठी वाचून उदास झाली, की ही पोर ती पळवून इथं बांधत होती.

इमारतीचे रखवालदार ओनो-सान झाडू घेऊन तिथंच उभे होते. ते लवून म्हणाले, "नोव्हेंबरात झुडूप छाटलं, तेव्हा एवढी फांदी ठेवली. म्हटलं, कुणाची तरी प्रार्थना असेल."

स्वरूपा गुडघ्यावर बसून गाठी सोडवू लागली. पावसानं शाई पसरली होती, एक तर कोरी झाली होती. वाचता येत होती त्यांत एकही वचन दुःखाचं नव्हतं. मग आपला चेहरा पडायचा तो कशानं? तिला तिथं, थंडीत बोटं बधिर झालेली असताना उमगलं. वचनानं नव्हेच. पप्पांच्या अक्षरानं. ते निळं टपोरं अक्षर बघितलं की तिला घराची आठवण यायची, एवढंच होतं ते, आणि त्याचा मार पवित्र शास्त्रानं खाल्ला होता.

त्या संध्याकाळी तिनं फोन लावला. एदोगावात साडेसात, नगरात चार, मास्तरांच्या चहाची वेळ. मावशींनी फोन त्यांच्यापुढे धरला. वचनं पावसात भिजवली म्हणून आता बोलणी बसणार, अशी तिची तयारी होती. मास्तर मात्र डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"नुपूर हुशार आहे. अगं, मी तरी कुठं सगळी वचनं लिहिली होती? दटावणारी सगळी गाळली. परदेशी निघालेल्या पोरीला कशाला दटावायचं, म्हटलं."

"पप्पा! आणि मी त्यावर घरं बदलली, शाळा ठरवल्या!"

"फ्रीजपण घेतलास, सुशीलरावांनी सांगितलंय." मग ते मास्तर झाले. "चिठ्ठीनं रस्ता कळत नसतो, बाळा. सबंध वाचावं लागतं, दटावलेलंसुद्धा. तू कधी सबंध वाचायला बसायची नाहीस म्हणून मी चिठ्ठ्या केल्या. आता असं कर, रोज मला वाचून दाखव. माझे डोळे आता साथ देत नाहीत."

डोळ्यांचं निमित्त होतं. दोघांनाही ते ठाऊक होतं.

मग रोज साडेसाताला वाचन सुरू झालं. परीक्षेची पुस्तकं एका बाजूला सारून स्वरूपा आईचं जुनं शास्त्र उघडून बसायची. नुपूर मांडीवर डोकं ठेवून न कळणारं मराठी ऐकत पेंगायची. बाहेर नदी काळी होत जायची आणि फोनच्या काचेत चार वाजताचं पिवळं ऊन, शेवगा, बाज. खोलीत दोन वेळा एकदम नांदायच्या. स्वरूपा वाचता वाचता त्या उन्हात जाऊन बसायची. तिनं घाईत एखादा शब्द खाल्ला की मास्तर मिटल्या डोळ्यांनी टोकायचे, "हं, मागं ये." त्या टोकण्यानं तिला इतका धीर यायचा, की परीक्षेनंतर गेलं तरी चालेल, आहेत पप्पा जागेवर, असं तिला वाटू लागलं होतं. तिकीट तिनं फेब्रुवारीचंच बघून ठेवलं.

बाराव्या दिवशी हरवलेल्या मुलाची गोष्ट आली. घर सोडून दूर देशी गेलेला, सगळं उधळून परतणारा मुलगा. आणि तो लांब आहे तोच त्याला ओळखून धावत सुटलेला त्याचा बाप. ही मास्तरांची हक्काची जागा. रविवारच्या शाळेत तीस वर्षं ते इथं बोट वर करून वाचन थांबवायचे आणि विचारायचे, "कोण धावलं?" सगळी पोरं एका सुरात ओरडायची, "बाप!" मग मास्तर म्हणायचे, "बघा! पोरगं चालत आलं आणि म्हातारा धावला. तालेवार माणूस असा धोतर सावरत धावतो का कधी? पण धावला."

स्वरूपा त्या ओळीपाशी आली आणि मुद्दाम थांबली. बोट वर जायची वाट बघत राहिली.

"कोण धावलं?" मास्तरांनी विचारलं.

तिला लहानपणीसारखा आनंद झाला. "बाप धावला, पप्पा!" ती ओरडलीच. नुपूर दचकून उठली.

शेवग्याची सावली मास्तरांच्या चेहऱ्यावर हलत होती. बोट वर गेलं नव्हतं. त्यांनी डोळे उघडले आणि अगदी मनापासून, समजून घ्यायचं म्हणून, विचारलं, "कुणाचा?"

"मास्तर, चहा गार होतोय," मागून मावशी हळूच म्हणाल्या.

स्वरूपानं ती गोष्ट शेवटपर्यंत वाचली, आवाज हलू न देता. फोन ठेवला आणि मग ती पोटभर रडली. सुशील जवळ येऊन उभा राहिला. "परवाचं तिकीट बघ," ती म्हणाली. "आणि परीक्षा?" असं विचारायला त्यानं तोंड उघडलं होतं, पण विचारलं नाही. तो लॅपटॉप आणायला गेला. त्या संध्याकाळी डब्याची आठवण कुणालाच झाली नाही.

केंद्रातून निघताना किमुरा-साननी तिला पुन्हा भलत्याच नावानं हाक मारली, आणि तिनं पुन्हा ओ दिली.

पुण्याहून नगरला जाणाऱ्या गाडीत ती नुपूरला कुशीत घेऊन अर्धवट झोपेत होती. डोळे उघडले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि ऊन तेच होतं, फोनमधलं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. पुढे कुणीतरी वाळू टाकली होती. तिथून अंगण दिसत होतं. शेवगा, बाज, बाजेवर पप्पा, हातात बशी. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि परत बशीत बघितलं.

लांबून ओळखायचं काम त्या गोष्टीत बापाकडे होतं. इथं बापाला ते जमणार नव्हतं. स्वरूपानं बॅग तिथंच टाकली, नुपूरचा हात सोडला आणि चाळिशीला टेकलेली ती बाई वाळूतून, चपला निसटत असताना, जीव खाऊन धावत सुटली.

"कोण धावतंय?" मास्तरांनी मावशींना विचारलं.

"लेक," मावशी म्हणाल्या.

"कुणाची?"

तोवर ती पोचली होती. धाप लागल्यामुळे तिला आधी बोलताच येईना. ती त्यांच्या गुडघ्यांशी वाकली.

"तुमची, पप्पा."

मास्तर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बशी खाली ठेवली आणि थोडं सरकून बाजेवर तिला जागा करून दिली.