कोठीवरचा बेस

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाला? पण सांगतो. त्या काळी माझ्या कानांवर माझा भारी विश्वास होता. "कान असावेत तर बबनसारखे," असं परभणीत लोक म्हणायचे. लोक म्हणजे मीच!

कॅसेटचा जमाना होता. लोकांनी साधे टेपरेकॉर्डर घेतले. मी मात्र ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर आणि बेसच्या जाड, घुमणाऱ्या आवाजासाठी एक वेगळा मोठा खोका करून घेतला. स्पीकर भिंतीवर गेले. खोका ठेवायचा कुठं? खोली एवढीशी! शेवटी तो ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर चढवला. झरीच्या शेतातली ज्वारी नुकतीच आलेली, कोठी गच्च भरलेली.

मग आवाज बसवायला घेतला. कॅसेट कोणती? तर आईची. ती जायच्या आदल्या वर्षी जात्यावर गात असताना मी टेप केलेली. स्पीकरांतून आईचा आवाज आणि बेसमधून जात्याची घरघर, अशी जोडी जमवायची होती. हे थोडं वाढव, ते थोडं कमी कर. महिनाभर रोज हेच. जमलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. बटणांवर कुंकवाच्या खुणा केल्या आणि घरात हुकूम काढला, "कुणी हात लावायचा न्हाई!"

पुढं सहा महिन्यांनी, दिवाळीत पेडगावहून माझी थोरली बहीण आली, आक्का. आई गेल्यापासून तिनं तो आवाज ऐकला नव्हता. खास त्यासाठीच आली होती बिचारी. मी ऐटीत बटणं खुणांवर आणली.

घूंऽऽऽ! फळीवरची भांडी थरथरली. आईचा पत्ताच नाही.

"बबन, हे काय वाजायलंय? पिठाची गिरणी हाय का?"

"थांब आक्का, वायर सैल असंल."

वायर घट्ट होती. बेस कमी करू? छे! माझ्या खुणा चुकतील कशा? मी स्पीकर वाढवले. आता आई ओरडायला लागली आणि गिरणीही जोरात.

आक्कानं डोळ्यांना पदर लावला. "राहू दे रं. मला वाटलं होतं, आई भेटंल."

फार लागलं मनाला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "अवं, कोठी रिकामी हाय."

"शांता, मी आवाजाचं बोलायलोय. तू ज्वारीचं काय काढलंस?"

"मी बी आवाजाचंच बोलायलेय!" तिनं पुढं येऊन कोठीवर थाप मारली. ढम्म!

भरलेल्या कोठीवर बसवलेला आवाज रिकाम्या कोठीवर! कोठीचा ढोल झाला होता.

"झरीला निरोप द्या म्हणून कवाची सांगायलेय. ऐकतंय कोण?"

मी खोका उतरवून गोधडीवर ठेवला. आणि आई आली. जात्याची घरघर, तिच्यावर तो शांत आवाज. आक्का डोळे मिटून बसली.

ओवी संपली, जातं थांबलं. टेप चालूच होती. आई म्हणाली, "शांते, ज्वारी संपत आलीय. झरीला निरोप धाड. बबन्याला सांगू नको बाई, त्याला काई ऐकू येत न्हाई."

आक्का रडता रडता हसायला लागली. "बबन, हे तू आधी ऐकलं न्हाईस?"

ऐकलं नाही कसं? महिनाभर रोज ऐकत होतो की! आई काय म्हणतेय, तेवढं सोडून सगळं.