बिनराबाचा वाफा
वैशाखात शेजारच्या शेतातून जळत्या शेणाचा वास आला की मला खालापूरजवळच्या आमच्या शेतातला एक वाफा आठवतो. स्वातंत्र्याच्या थोडी आधीची गोष्ट. मी नवी सून होते. भाताचं रोप करायच्या जमिनीवर शेण आणि झाडांचे टहाळे पसरून जाळायचे, म्हणजे राब भाजायचा, ही तिथली रीत. कर्जतहून शेतकीचे एक साहेब आले आणि म्हणाले, “भाजू नका, कुजलेलं खत घाला, शेण वाचेल.” सासूबाईंनी विचारलं, “रोप नाय आलं तर लावणीला काय, तुमची टोपी लावू?” तरी सासऱ्यांनी एक वाफा दिला. पावसात रोप चांगलं आलं, पण त्याहून जास्त गवत आलं, कारण भाजल्याने मरणारं गवताचं बी खतातून जिवंत आलं होतं. साहेब रोपाची उंची मोजून खूश झाले. सासूबाईंनी त्यांच्यापुढे पावसात पाठीवर घ्यायचं इरलं टाकलं. “बसा. आमी सासू-सुना कालपासनं उपटतोय.” साहेब विजार दुमडून बसले आणि दुपारपर्यंत गवत काढत राहिले. उठताना कंबर धरून म्हणाले, “मावशी, खत कच्चं राहिलं.” त्या हिवाळ्यात ते पुन्हा आले, आमच्याकडून खताचा खड्डा उलथून घेतला आणि खत आत चटका बसेल इतकं तापतं का, ते हात घालून बघायला शिकवलं, कारण त्या उष्णतेने गवताचं बी मरतं. पुढच्या वर्षी सासूबाईंनी आपणहून दोन वाफे भाजले नाहीत. साहेबांना मात्र सांगितलं, “टहाळे कमी पडले, म्हणून.” आता घरात सासू मी आहे. आमचा एकही वाफा भाजला जात नाही, आणि टहाळे बांधावर ढीगभर पडलेले असतात.