सेहेचाळिसाव्या वर्षी घोड्यावर

आमच्या कुष्ठरोग पथकाच्या ऑफिसात दोन गोष्टी साठायच्या, गोळ्यांचे रिकामे डबे आणि किस्से. डबे निदान भंगारवाला न्यायचा. किस्से कोण नेणार? त्यामुळे चहाला चार जण जमले की तेच पुन्हा निघतात, आणि घोड्यांचे तर लोक मागून मागून ऐकतात. लोक हसतात, मीही हसतो. शेवटचा मात्र मी सहसा सांगत नाही.

आधी मी घोड्याच्या नादी का लागलो, ते ऐका. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पोस्टिंग अहेरीला, वय सेहेचाळीस. नाल्यावरच्या रपट्यावर सायकलसकट पडलो आणि गुडघा गेला तो गेलाच. सायकल बंद, लांबचं चालणं बंद. ऑफिसची जीप पावसाळ्यात डांबरी रोड सोडायची नाही. त्या वर्षी चार महिने माझी आतली गावं गोळ्यांविना राहिली.

त्यात मैनीबाई होती. साठीची माडिया बाई. अंगावर चट्टे उठले तसं गावाने तिला शिवाराबाहेर झोपडी बांधून दिली होती. दिवाळीनंतर पोचलो, तर तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली. रागावली नाही. "तू आला नाई डाक्टर, मंग गोळी कोन देईल?" एवढंच म्हणाली. मी डॉक्टर नव्हतो, साधा तंत्रज्ञ होतो, पण ती बोटं माझ्यामुळे गेली हे मला पक्कं कळलं होतं. उजवा हात अजून चांगला होता. तो वाचवायचा तर पुढच्या पावसाळ्यात दर महिन्याला पोचायलाच हवं. म्हणून घोडा!

*

पहिली घोडी चंद्रपूरहून आली, आमचे ड्रायव्हर राजन्नाभाऊ यांच्या ओळखीतून. पांढरीशुभ्र, वरातीची. शाळेच्या मैदानावर मला वर चढवलं. घोडी हलेना. मालक म्हणाला, "बँड पाह्यजे." राजन्नाभाऊंनी गोळ्यांचा डबा बडवायला घेतला, आणि घोडी नाचायला लागली. जागच्या जागी! अर्धा तास मी नाचलो आणि चार पावलं पुढे सरकलो.

"अहो, ही चालते कधी?"

"भाऊ, वरातीत नवरदेवाले कुठी घाई असते!"

मैदान हसलं. माझे वडील तेव्हा नागभीडहून आले होते, ते हसले नाहीत. त्यांच्या लग्नाच्या वेळी आमच्या जातीच्या माणसाने घोड्यावर बसायची गावात सोय नव्हती. कुंपणाशी उभे राहून ते म्हणाले, "पाठ सरळ ठेव. लोक पाहून राह्यले." मी पाठ सरळ केली. घोडी दुसऱ्या दिवशी परत गेली.

*

दुसरा घोडा वरोऱ्याचा. बारा वर्षं टांग्याला जुंपलेला, म्हणजे माणसांची सवय असलेला, असा आमचा हिशोब. मी बसलो. तो दोन पावलं चालला, थांबला, मान वळवून मागे पाहिलं. पुन्हा दोन पावलं, पुन्हा मागे. मागे टांगा नाही हे काही केल्या त्याला पटेना. शेवटी घाबरून तो उलटाच चालायला लागला आणि मला घेऊन थेट ऑफिसच्या व्हरांड्यात शिरला!

मालकाला कळवलं. तो म्हणाला, "त्याले वजन मागं लागते, वर नाई."

*

मे उजाडला. मग बाजारात मीठ विकणाऱ्या शेखभाईंनी स्वतःचं एक तट्टू दिलं. जंगलातली वाट त्याला पाठ, आठवडी बाजाराची गावंही पाठ. पहिल्याच गावाच्या बाजाराच्या मैदानात ते आपलं आपण थांबलं आणि माझ्यासकट खाली बसलं. मी ओरडलो, ओढलं, हातापाया पडलो. नाही म्हणजे नाही! पाठीवरची पोती उतरवून विक्री सुरू झाल्याशिवाय ते उठायचं नाही. बाजार चार दिवसांनी होता.

शेखभाईंना सांगितलं तर ते हळहळले. "आप नमक होते ना भाऊ, तो बराबर पोचले असते."

*

शेवटी त्यांनीच आपलं सर्वांत म्हातारं तट्टू दिलं. "याच्यावरून कोणी पडत नाई," म्हणाले. "हे पळतच नाई नं!"

खरं होतं. त्याच्यावर मी बसायला शिकलो, लगाम धरायला शिकलो, उतारावर मागे रेलायला शिकलो. एकच खोट. टाच मारली तर त्याला पत्ताच लागायचा नाही. शंभरदा मारावी तेव्हा एक पाऊल. पण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, पाऊस असो की चिखल, मी दर महिन्याला मैनीबाईच्या दारात होतो. त्या पाच महिन्यांइतका अभिमान मला नोकरीत कशाचाच वाटला नाही.

ती अंगणात बसून मला टाचा मारत येताना पाहायची. मग मी तिला डोळे मिटायला सांगून बधिर चट्ट्यांवरून कोंबडीचं पीस फिरवायचो. "समजते?" "नाई." महिन्याच्या गोळ्या द्यायचो, मागची रिकामी पुडी घ्यायचो आणि तट्टू तिच्याकडे बांधून गावातले बाकीचे पेशंट पाहायला जायचो. परत येईतो ती त्याला मोहफुलं चारत असायची. पुड्या दर महिन्याला रिकाम्या. चट्टे मात्र वाढतच होते, आणि सप्टेंबरात उजव्या हाताची करंगळी वाकली. मला काही कळेना. झोप उडाली माझी.

*

नोव्हेंबरात वाट सुकली तेव्हा डॉक्टरसाहेबांना जीपमधून घेऊन गेलो. त्यांनी उजवा हात उलटासुलटा पाहिला. करंगळीशेजारचं बोटही गेलं होतं. "गोळ्या घेतच नाही ही," ते मला म्हणाले आणि हात धुवायला जीपकडे गेले.

मी तिच्यासमोर बसलो. माझा आवाज चढला. "बाई, मी एवढा चिखल तुडवत येत होतो ते काऊन? खरं सांग, गोळ्या कुठी गेल्या?"

तिने आधी जीपकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं. "घोडा नाई आणला?"

"नाही. गोळ्यांचं सांग."

"खाल्ल्या नं. एक दिवस माही, एक दिवस त्याची."

"कोणाची?"

"तुह्या घोड्याची. तो रोज कुठी येते इथी? मंग त्याच्या जमा करून ठेवायची, आला का मोहात कालवून द्यायची." ती पुढे सरकली, आवाज बारीक केला. "तू पीस फिरवतं, मले समजत नाई. तू टाच मारतं, त्याले समजत नाई. मी पाह्यलं नं. तो पडला तं तू कायच्यावर येशील?"

मी वळून जीपकडे पाहिलं. तिला वाटलं, मी घाबरलो. वाकडा हात तिने माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"भेऊ नको. गावात कोनाले नाई सांगितलं मी. त्याहिले समजलं असतं, तं त्यालेबी इथीच बाहेर झोपडी बांधून दिली असती."